रुमालाखालची बोटं

मला आयुष्यात असं कर, तसं करू नको असं कधीच न सांगणारा एकच माणूस भेटला, आणि त्याला पगार मात्र लोकांना सांगण्याचाच मिळत होता.

चिकलठाण्याला, जालना रोडपासून थोडं आत, कारखान्यांच्या रांगेच्या शेवटी एका ट्रस्टचं व्यसनमुक्ती केंद्र होतं. चार खोल्या, पुढं कडुनिंब, मागं पाण्याची टाकी. तिथं ते समुपदेशक होते. वय पन्नाशीच्या पुढचं, धोतर नाही पण धोतराइतकीच सैल विजार, खांद्यावर लाल चौकड्यांचा रुमाल. केंद्रात सगळे त्यांना मामा म्हणायचे. रोज दौलताबादहून मोपेडवर यायचे, म्हणजे अख्खं शहर आडवं कापून, आणि आल्यावर पहिलं काम काय, तर खोलीतलं लाकडी बाक ओढत कडुनिंबाखाली आणायचं.

आत टेबल होतं, समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. मामा त्या खुर्चीत कधी बसले नाहीत. "समोर बसलं की माणसाला वाटतं साहेब बसला," ते म्हणायचे. बाकावर शेजारी शेजारी बसायचं आणि दोघांनी रस्त्याकडं बघायचं. जाणारे ट्रक दिसायचे, पाळी सुटली की सायकली दिसायच्या. पेशंटला बोलावंसं वाटलं तर बोलायचा, नाहीतर ट्रक मोजायचा.

मी त्यांच्या हाताखाली नव्हते. कागदोपत्री मीच वरचढ. सोयगावच्या शेतकरी घरातली, शहरात येऊन समाजकार्याची मोठी पदवी घेतलेली, तेहेतीस वर्षांची, कांजी केलेल्या सुती साडीतली बाई. ताठ मान, चष्मा, काखेत फाइल. ती बाई आता आठवली की मला वाटतं, जाऊन तिच्या पदराला हळूच मागून कपड्याचा चिमटा लावावा. माझ्याकडं सडलेल्या जबड्यांच्या फोटोंचा एक अल्बम होता. आलेल्या प्रत्येकाला मी तो पहिल्या पानापासून दाखवायचे, जसा लग्नाचा दाखवतात.

आणि हीच बाई रोज सकाळ-दुपार मिसरी लावायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि त्या काळ्या भुकटीनं, उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटानं, दात घासत बसायचं. नाव दात घासण्याचं, काम तंबाखूचं. आमच्याकडं आजी लावायची, आई लावायची, बाराव्या-तेराव्या वर्षी दाढ दुखली तेव्हा आईनंच माझं बोट डबीत घातलं. दाढ दुखायची केव्हाच थांबली, बोट थांबलं नाही. आई सोयगावहून दर महिन्याला ताजी भाजून पाठवायची. केंद्रामागं, टाकीशेजारी एक न्हाणी होती. दुपारी दीडला मी तिथं 'तोंड धुवायला' जायचे आणि वीस मिनिटांनी टवटवीत होऊन, बाहेर येऊन, तंबाखूचे दुष्परिणाम सांगायला लागायचे. त्यात काही चुकतंय असं मला वाटायचं नाही. इतरांचं ते व्यसन होतं. माझं दातांचं औषध होतं.

मामांच्या गालातही कायम काहीतरी असायचं. मला पहिले आठ दिवस ते गुटख्याचंच वाटलं, आणि मी मनातल्या मनात तक्रारीचं पत्र लिहायलाही घेतलं होतं. तो भाजलेला चिंचोका होता.

"कशासाठी हो मामा?"

"तोंड मोकळं असलं की त्यातनं सल्ला येतो, बाई. हा असला की जीभ कामाला लागती."

कुणी शेजारी बसून आपलं गाऱ्हाणं सांगायला लागलं आणि मामांना काही सुचवावंसं वाटलं, की चिंचोका डाव्या गालातून उजव्या गालात जायचा. परत वाटलं की परत डाव्या. एक दारू पिणारे मास्तर यायचे, ते स्वतःच्या बायकोबद्दल फार वाईट बोलायचे. त्यांच्या वेळी चिंचोका नुसता दळण दळल्यासारखा फिरायचा. पण मामांच्या तोंडून शब्द नाही.

एकदा ट्रस्टचे सचिव अचानक तपासणीला आले. त्यांनी तो फुगलेला गाल बघितला आणि म्हणाले, "व्यसनमुक्ती केंद्रात हे?" मामांनी चिंचोका तळहातावर काढला, विजारीच्या खिशातून दुसरा कोरडा काढला आणि तो त्यांच्यापुढं धरला. "घ्या की. भाजलेलाच हाय." सचिवांनी घेतला नाही, पण मग ते फॉर्मांकडं वळले. प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म असायचा, आणि त्यात शेवटून दुसरा रकाना होता: 'दिलेला सल्ला'. माझ्या फॉर्मांत तो रकाना पुरायचा नाही, मी समासात लिहायचे, मागं लिहायचे. मामांच्या गठ्ठ्यात प्रत्येक फॉर्मवर त्या रकान्यात एकच मजकूर: 'मागितला नाही'.

"एकानंही मागितला नाही?" सचिव म्हणाले.

"एकानं मागितला होता."

"मग?"

"त्याला म्हणलं, तुमच्या मनात काय हाय ते आधी सांगा. तर त्याच्या मनात होताच एक. बरा होता. मग माझा कशाला खर्च करायचा?"

सचिवांनी माझ्याकडं बघितलं. मी चष्मा वर सरकवला आणि असा चेहरा केला की, बघा, मी एकटी इथं काय काय सांभाळते.

मामांचं शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंत. त्यांची खरी शाळा शहराच्या छावणी भागातला गुरांचा बाजार. वडील बैलांचे दलाल, मामाही पंचवीस वर्षं दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात, आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते त्या दोघांनाच कळतं.

मामांनी तो रुमाल केंद्रात आणला. एवढीच त्यांची विद्या. पेशंटचा हात रुमालाखाली घ्यायचे आणि विचारायचे, "सोडावं असं किती बोटं वाटतं?" सगळा पंजा एकदा दाबला की पाच. त्याच्यावर जेवढी बोटं, तेवढे पुढचे. पंजा दोनदा म्हणजे दहा. हात सैल सोडला तर काहीच नाही, आणि तेही चालायचं.

"तोंडानं विचारलं तर काय बिघडतं?" मी म्हटलं.

"मोठ्यानं बोलला की माणूस त्या भावाला चिकटतो. चार लोकांनी ऐकलेलं असतंय. मग त्याला मागंबी येता येत नाही अन् पुढंबी जाता येत नाही. रुमालाखाली बोललेलं बदलता येतं."

मी म्हटलं, मलाही शिकवा. वाटलं, याच्यावर एखादा लेख लिहिता येईल, ग्रामीण संवादपद्धती वगैरे. हात पुढं करताना जरा बिचकले. मामा म्हणाले, "माझ्या लेकीच्या वयाच्या तुम्ही. अन् बैल तर नक्कीच नाही." मग रुमाल टाकायच्या आधी त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं क्षणभर बघितलं. चिंचोका डावीकडून उजवीकडं गेला. मला वाटलं हस्तरेषा बघतायत. मनात म्हटलं, चला, अंधश्रद्धेवर यांना एकदा नीट समजावून सांगावं लागणार.

त्याच महिन्यात रंगनाथ आला. कारखान्यात प्रेस मशीनवर होता, तिशी-पस्तिशीचा, हडकुळा, मान खाली. गुटखा इतका खाल्लेला की तोंड उघडायचं ते दोन बोटं. कारखान्याच्या डॉक्टरांनी धाडला होता आणि कागदावर आमची सही आणायला सांगितली होती. तो माझ्या वाट्याला आला. मी अल्बम काढला. तो प्रत्येक फोटोला 'व्हय मॅडम' म्हणत गेला. मी मोजले, अकरा वेळा व्हय. मला वाटलं, किती समजूतदार माणूस. सही दिली. तो फाटकाबाहेर गेला, दातानं पुडी फाडली आणि तोंड वर करून आत ओतली. मी खिडकीतून बघितलं. अकरा व्हय त्या पुडीबरोबर गेले.

पण त्याचा जेवणाचा डबा बाकावर राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो न्यायला आला तेव्हा बाकावर मामा होते.

"डबा न्यायला आलो."

"घ्या की. बसा, चहा येतोय."

तो टेकला. दोघं रस्त्याकडं बघत बसले. चहा आला, संपला. मग मामा म्हणाले, "पुडीचं चांगलं काय काय हाय?"

रंगनाथनं वळून बघितलं. थट्टा आहे का काय, ते कळेना त्याला. "चांगलं?"

"म्हणजे उगाच कोण खातंय. काहीतरी देत असंल की."

मग जो बोलायला लागला तो. पुडी टाकली की रातपाळीला डोळा लागत नाही, आणि प्रेसवर डोळा लागला तर बोटं जातात. भूक मरते. चार दोस्त एकमेकांना विचारतात, नाहीतर कोण कुणाला विचारतं. मी खिडकीआड नुसती जळत होते. व्यसनमुक्ती केंद्राच्या बाकावर बसून गुटख्याची जाहिरात चालली होती, आणि मामा मान डोलावत होते.

"मग तर सोडायचं कारणच नाय," मामा म्हणाले. "काडीचा तरास नाय तुम्हाला."

"काडीचा नाय असं कुठं म्हणलं मी?"

चिंचोका फिरला.

"तिखट खाता येत नाय," रंगनाथ म्हणाला. "आग व्हती. भाकर चिमणीच्या घासावाणी तोडावी लागती."

मामांनी रुमाल काढला. रंगनाथनं हात दिला. थोड्या वेळानं मामा म्हणाले, "तीन. बरं. दोन का नाय?"

"आं?"

"तीन दाबलीत तुम्ही. दोन का नाय दाबली?"

मला त्या वेळी वाटलं, मामांचं डोकं फिरलं. माणूस तीनवर आहे, त्याला वर ओढायचं सोडून खाली ढकलतायत. दोन ट्रक गेले.

"जांभई येत नाय मामा," तो म्हणाला. "म्हंजी येती, पर अर्ध्यात अडकती. तोंडच उघडत नाय. पाळीवरून येतो, अंग मोडून येतं, जांभई येती अन् तिथंच राहती. माझा बाप जांभई द्यायचा तर शेजारच्या वावरात ऐकू जायची."

"हं."

"माणसाला जांभईबी पुरती येऊ नये, हे काय बरं नाय."

"मग?"

"मग बघतो."

"बघा," मामा म्हणाले, आणि त्याला डबा दिला.

तो गेल्यावर मी बाहेर आले. "मामा, तुम्ही त्याला सोड म्हणालाच नाहीत."

"त्यानं सांगितलं की आपलंआपण."

"जांभईचं?"

"तुमच्या अकरा व्हयपेक्षा त्याची एक जांभई खरी हाय, बाई."

अकरा मी त्यांना सांगितले नव्हते. ते दुसऱ्या खोलीत बसून मोजत होते.

मग मीही एक रुमाल आणला. इस्त्रीचा, पांढरा, कोपऱ्यावर कशिदा काढलेला. पहिल्याच माणसानं माझा हात धरून दोन बोटं दाबली आणि माझ्या तोंडून गेलं, "फक्त दोनच? दोनच का?" झालं. त्यानं मला दोनच का याची इतकी कारणं सांगितली की शेवटी ती ऐकून त्याचं त्यालाच पटलं, आणि जाताना म्हणाला, "मॅडम, दोन पण जरा जास्तच सांगितली मी." मामा बाकावरून ऐकत होते. म्हणाले, "तुम्ही भाव चढवायला गेलात. 'वर का नाय' असं विचारलं की माणूस अडचणी सांगतो. 'खाली का नाय' असं विचारलं की त्याचं जे काय असंल ते सांगतो. ज्याचा बैल, त्यालाच त्याची किंमत सांगू द्यावी."

मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेण्यात मी फार हुशार होते.

असं दीड-दोन वर्षं चाललं. रंगनाथ मधूनमधून यायचा, मध्येच गायब व्हायचा, परत यायचा. बोटं तिनाची पाच झाली, पाचाची चार झाली, सहा झाली. मग एकदा त्यानं पुडी सोडली, आणि सहा आठवडे झाले तरी धरली नाही, म्हणून आम्ही त्याला गुरुवारच्या बैठकीत बोलावलं. दहा-बारा जण गोलात बसायचे आणि मी बोलायचे.

त्या गुरुवारी माझी झोप झालेली नव्हती. आदल्या रविवारी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला उलट्या झाल्या होत्या, चेहरा पांढरा पडला होता, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सकाळी नणंद खव्याची बर्फी घेऊन आली होती. बर्फी बाधली, असं घरात ठरलं होतं. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. तर त्या न झालेल्या झोपेनंच की काय, मी गुरुवारी नेहमीपेक्षा जास्त जोरात होते. म्हणाले, "व्यसनी माणूस पहिलं खोटं स्वतःशी बोलतो. मग घरच्यांशी बोलतो."

रंगनाथनं हात वर केला. "मॅडम, एक विचारू? राग नाय ना?"

"विचारा ना."

"तुम्ही घरची लावता का विकतची?"

मला ऐकू आलं होतं, तरी मी म्हटलं, "काय?"

"मिसरी. माझी आईबी लावती. तुम्ही सोयगावकडच्या, म्हणून म्हणलं घरचीच असंल. वास चांगला हाय."

त्यानं खरोखर सहज विचारलं होतं. दुखवायचं त्याच्या मनात काही नव्हतं. एका गावाकडच्या माणसानं दुसऱ्याला लोणच्याबद्दल विचारावं, तसं. मी ताठ मानेनं म्हटलं, "ते दातांचं औषध आहे."

रंगनाथनं मान डोलावली. "व्हय. माझंबी झोपेचं औषधच व्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले, माझी लाज राखायला. मी उठले, ऑफिसात गेले, हाताला आला तो कागद ओढला आणि त्यावर राजीनामा लिहिला. नंतर बघते तर तो आमचाच फॉर्म होता. मी 'पेशंटची समस्या' या मोठ्या रकान्यात माझा राजीनामा लिहिला होता. तेव्हा मला ते दिसलंही नाही. तो घेऊन तशीच बाकाकडं गेले.

मामांनी वाचला. घडी घातली. "द्यायचा तर द्या की," म्हणाले.

मला वाटलं होतं ते नको म्हणतील. "तुम्हाला माहीत होतं?"

"रुमाल शिकायला हात पुढं केला, त्याच दिवशी. बोटाच्या नखात काळं होतं."

"दोन वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही इचारलं नाही."

मी रडत होते, आणि रडताना पदरानं तोंड झाकत होते, कारण वास येईल. एवढं सगळं झाल्यावरही मी वास झाकत होते. मामा शेजारी, रस्त्याकडं बघत. मग रुमाल काढून त्यांनी बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. हात मागितला नाही. मीच घातला. आणि खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मी एकच बोट दाबलं. ते दाबतानाही दुपारचे दीड वाजायला आलेत हे मला कळत होतं.

"एक," मामा म्हणाले. "बरं. काहीच नाय असं का नाय?"

मला ती युक्ती माहीत होती. वहीत होती. तारखेसकट होती. युक्ती माहीत असली तरी प्रश्न तर खराच होता. ट्रक गेला. शाळेची बस गेली. आणि मी म्हटलं, "बर्फी नव्हती ती."

मामांनी वळून बघितलं नाही.

"रविवारी. मी डबी खाली ठेवून दार उघडायला गेले. परत आले तर ती आरशासमोर, पायाच्या बोटांवर उभी. माझ्यासारखं बोट तोंडात घालून. अर्धी डबी. गिळली होती तिनं. मी तिचं तोंड धुतलं, फरशी पुसली, आणि मग घरच्यांना हाक मारली. मी म्हटलं बर्फी. डॉक्टरांनाही बर्फीच म्हटलं. डॉक्टर विचारत होते, आणखी काही खाल्लं का. मी नाही म्हटलं."

चिंचोका फिरला नाही. बहुतेक त्या दिवशी मामांकडंही सल्ला नव्हता. ते म्हणाले, "आता बरी हाय ना पोर?"

"बरी आहे."

"मग मिटलं. काळजीचं काय नाय."

"नाही कसं? ती परत करेल. मला करताना रोज बघते ती. मीही आईलाच बघून..." आणि मी थांबले. शंभर माणसांना ज्या खड्ड्यात पडताना मी खिडकीतून बघितलं होतं, त्यात मी पदरासकट पडले होते.

"मग?" मामा म्हणाले.

"मग बघते."

त्यांनी खिशातून पेन काढलं, माझा राजीनामा उलगडला, 'दिलेला सल्ला' या रकान्यात 'मागितला नाही' असं लिहून खाली सही केली आणि कागद मला परत दिला. तो ट्रस्टला गेला नाही. अजून माझ्याकडं आहे.

मिसरी सुटली, पण अशी नाही की त्या दिवशी डबी फेकली आणि संपलं. डबी मी मामांना द्यायला नेली तर त्यांनी घेतलीच नाही. "माझी नाय ती." पहिल्यांदा एकवीस दिवस, मग दिवाळीला माहेरी आईच्या तव्याचा वास आला आणि गेलं सगळं. दुसऱ्यांदा तीन महिने. तिसऱ्यांदा कायमची सुटली. डबीत मी भाजलेले चिंचोके भरले. गुरुवारच्या बैठकीत मी माझं सांगितलं, खाली मान घालून, अल्बमशिवाय. रंगनाथ म्हणाला, "आता मॅडम आमच्यातल्या झाल्या." त्याचं तोंड पहिल्यासारखं कधी उघडलं नाही, डॉक्टर म्हणाले होतेच. पण एकदा पाळीवरून येऊन तो बाकावर बसला आणि त्याला जांभई आली, आणि मामा, मी आणि तो, तिघांनी श्वास धरून ती कुठवर जाते ते बघितलं. पुरती नव्हती, पण आधीपेक्षा लांब गेली. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी कुणाच्या पाठीवर हात ठेवल्याचं मी एवढं एकदाच बघितलं.

केंद्रात मी सगळं सांगितलं. घरी काहीच सांगितलं नाही. माझी लेक पस्तिशीची झाली, तिनं तेव्हापासून बर्फी खाल्लेली नाही. तिच्या मुलीलाही देत नाही. "आमच्या घराण्याला खवा सोसत नाही," असं ती डॉक्टरांना सांगते.

गेल्या महिन्यात नातीचा वाढदिवस झाला. नणंद आता सत्तरीच्या पुढं, काठी टेकत आली. पिशवीतून जिलेबीचा पुडा काढला आणि म्हणाली, "बर्फी नाही आणली गं बाई. माझ्या बर्फीचं नाव खराब आहे." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

दुसऱ्या दिवशी दौलताबादला गेले, मामांकडं. ऐंशीच्या पलीकडं गेलेत. ऐकू कमी येतं, दात नाहीत म्हणून चिंचोका सुटलाय. त्यांच्या आयुष्यात सुटलेली एवढी एकच गोष्ट, आणि तिच्याबद्दल ते अजून हळहळतात. बाक मात्र तेच. केंद्र बंद झालं तेव्हा मागून घेतलं त्यांनी. घरासमोर, किल्ल्याच्या रस्त्याकडं तोंड करून ठेवलंय. सहलीच्या बसगाड्या जातात, पेरूवाल्या ओरडतात. मी शेजारी बसले. सून चहा ठेवून गेली.

"लेकीला बर्फीचं सांगितलं का?" मामा म्हणाले. तीस वर्षांत एकदा विचारलं नव्हतं. आत्ता का विचारलं, कोण जाणे. कदाचित तोंडात चिंचोका नव्हता म्हणून.

"आता काय सांगायचं मामा. इतकी वर्षं झाली. कुणाचं काय अडलंय?"

"खरंय," मामा म्हणाले. "कुणाचंच काय अडलं नाय."

"कुणाचंच कसं? वन्संचं..." मी म्हटलं, आणि थांबले. मामा किल्ल्याकडं बघून हसत होते, बोळकं उघडं टाकून. पासष्टाव्या वर्षी त्याच खड्ड्यात, आणि या वेळी चष्म्याचा नंबरही वाढलेला.

मग खांद्यावरचा रुमाल निघाला. नवा होता, पण लाल चौकड्यांचाच. मी हात घातला. चार बोटं दाबली.

"चार. बरं," मामा म्हणाले. "तीन का नाय?"

मी रुमालाखालून हात काढला. चहा संपवला, पाया पडले, बस धरून घरी आले आणि हे लिहायला बसले.

माझं अक्षर आता माझं मलाही लागत नाही. माझं सगळं लिहिलेलं लेकच संगणकावर टाइप करते, शुद्धलेखन सुधारते, आणि न आवडलेल्या ओळीवर न विचारता काट मारते. हेही तीच टाइप करणार. मघाशी वरच्या त्या आरशाच्या ओळीपाशी आली असेल तेव्हा तिची बोटं थांबली असतील.

थांबली असशील तर ऐक. त्या रविवारची बर्फी चांगली होती. ताजी होती, वेलदोडा घातलेली. मी स्वतः दोन तुकडे खाल्ले होते आणि मला काही झालं नाही. आत्याला फोन तू करू नकोस. तो मी करते. तू एवढं कर, ही ओळ काटू नकोस.